शेतातल्या मातीचं भांडं पुन्हा पुन्हा तडकतंय? आधी सांगा, तडा कधी पडला

नदीकाठची किंवा शेतातली माती आणून भांडी करू पाहणारं कोणीही भेटलं की पाच मिनिटांत तेच गाऱ्हाणं निघतं. माती आणली, भिजवली, गाळली, मळली, भांडं छान उतरलं आणि मग तडकलं. पुन्हा केलं, पुन्हा तडकलं. शेवटी माणूस कंटाळून तयार मातीची पिशवी मागवतो आणि आपल्या मातीचा नाद सोडतो. याचं मला फार वाईट वाटतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर दोन हजार वर्षांपासून माणसं याच नदीच्या मातीची भांडी करत आली आहेत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातली वस्तीच सापडली. म्हणजे इथली माती भांड्याला चालते. तिच्याशी कसं वागायचं तेवढं आपण विसरलो आहोत.

मी कसबा बावड्यात राहते. मागच्या पडवीत एक चाक आणि विजेची लहान भट्टी आहे. पहिलं दीड वर्ष मी नुसते तडे बुजवत होते. कधी हाताला दोष दिला, कधी उन्हाला, कधी भट्टीला. आता कोणी फुटलेलं भांडं घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारते: तडा कधी पडला? वाळताना, भाजताना, की भाजून पंधरा दिवस झाल्यावर? तिन्ही वेळा हातात फुटकं भांडंच येतं, पण ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एवढंच काय, एकाचं औषध करताना मी स्वतः दुसरं दुखणं घरात आणलं होतं. ते पुढे सविस्तर सांगते.

माती कुठली आहे?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात माती पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलत जाते. तळाशी सगळीकडे तोच काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट. पण शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या बाजूला लाखो वर्षांच्या धो धो पावसानं दगडातलं विरघळण्यासारखं सगळं, चुना, सोडा, पोटॅश, धुऊन नेलं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तोच आपला जांभा. जांभ्याच्या तांबड्या मातीत चिकणमातीचा जो अंश असतो तो मुख्यतः केओलिनाइट. हा फारसा फुगत नाही, फारसा आकसतही नाही.

पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे पाऊस कमी आणि जमीन सपाट. तिथे चुना, मॅग्नेशियम धुऊन न जाता जागीच राहिलं आणि काळी माती तयार झाली. तिच्यातला चिकणमातीचा कण म्हणजे माँटमोरिलोनाइट. अतिशय बारीक पापुद्रे एकावर एक रचलेले, आणि पाणी मिळालं की त्या पापुद्र्यांच्या मधल्या फटीत शिरतं. माती फुगते. पाणी गेलं की आकसते. एप्रिलमध्ये काळ्या रानात हात जाईल एवढी भेग पडते ती यामुळेच. तुमच्या भांड्यावरची भेग आणि रानातली भेग एकच आहे, फक्त लहान.

मध्ये पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती पश्चिमेचा गाळ घेऊन येतात, वाटेत काळी रानंही धुतली जातात, आणि काठाच्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, जमिनीत दोन्हींची मिसळ बसते. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या बाजूची मळीची माती हाताला लोण्यासारखी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर दारात साचलेला गाळ अनेकांनी उचलून बाजूला टाकला असेल, तोही याच जातीचा. पण त्यात पालापाचोळा, शेण, कुजकं बरंच असतं. त्याचा त्रास भाजताना होतो.

म्हणून माती आणली की पिशवीवर गावाचं नाव, रान की विहीर की पाया, आणि किती खोलवरची, एवढं लिहून ठेवा. वरची वीतभर माती मुळांनी आणि खतानं भरलेली असते, ती सोडून खालची घ्या.

वाळताना पडणारा तडा

भांडं कच्चंच आहे, चाकावरून उतरून दोन-तीन दिवस झालेत आणि तडा दिसला. तो कुठे आहे ते नीट पाहा. बुडाच्या मधोमध नागमोडी असेल तर तो हाताचा आहे. चाकावर बूड पुरेसं दाबलं गेलं नाही किंवा आत पाणी साचू दिलं. कान जोडलेल्या जागी असेल तर जोडताना कानाचा आणि भांड्याचा ओलावा सारखा नव्हता. काठावरून एकच सरळ खाली उतरला असेल तर काठ आधी वाळला आणि बूड मागे राहिलं. असे तडे विकतच्या मातीतही पडतात आणि सवयीनं जातात.

पण तडे जाळीसारखे सगळ्या अंगभर असतील, किंवा बूड भिंतीपासून गोल कापल्यासारखं सुटत असेल, आणि तुम्ही केलं तरी नि तुमच्या मैत्रिणीनं केलं तरी तसंच होत असेल, तर हाताला दोष देऊ नका. माती जास्त आकसते आहे.

किती आकसते ते अंदाजानं ठरवू नका, मोजा. मळलेल्या मातीची १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि १ जाड अशी पट्टी करा. तिच्यावर सुरीनं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सावलीत वाळवा, रोज उलटा, नाहीतर ती वाकते. पूर्ण वाळली की रेघ मोजा. ९३ मिलिमीटर भरली तर माती ७ टक्के आकसली. पाच ते आठ टक्क्यांपर्यंतची माती मी बिनधास्त वापरते. दहाच्या वर गेली की काहीतरी मिसळल्याशिवाय तिचं भांडं मी करत नाही. माझ्याकडची हातकणंगल्याची काळी माती १३ टक्के आकसली होती, मळीची ९, आणि पन्हाळ्याच्या बाजूला एका घराच्या पायातून निघालेली तांबडी माती फक्त ५. हे तीन आकडे मला दीड वर्ष आधी मिळाले असते तर कितीतरी भांडी वाचली असती.

आकडे मिळाले, पण पुढे काय करायचं ते मला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कळलं. बेंदराच्या आधीचे दिवस होते. ओळीनं मातीचे बैल वाळत मांडलेले. तिथल्या एका वयस्कर मामांना मी माझी काळी पट्टी दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली, वाटीभर मातीला पाण्याचा हबका मारून अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "ताई, ही काळवट माती एकटी नांदत न्हाई. हिला जोडीदार लागतोय."

जोडीदार म्हणजे आकसत नाही असं काहीही. जुने कुंभार घोड्याची लीद आणि राख घालत आले आहेत. लिदीतले बारीक तंतू कच्च्या भांड्याला धरून ठेवतात, आणि भाजताना जळून गेले की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यातून वाफ बाहेर पडते, शिवाय पाण्याचं मडकं चांगलं पाझरतं आणि गार राहतं. मीही वाळवून चाळलेली लीद घालून पाहिली आहे, मापानं दहास एक. पाण्याच्या भांड्याला उत्तम. पण विजेच्या भट्टीत तिचा धूर होतो. भट्टी उघड्या पडवीत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा जोडीदार जांभ्याची तांबडी माती. ती एकटी घेतली तर तुटक असते, बोटाभोवती वळी गुंडाळली की कडकन मोडते. काळी उलट, गाठ मारता येईल इतकी लवचीक. दोघींना एकत्र केलं की काळी तांबडीला बांधून ठेवते आणि तांबडी काळीला आकसू देत नाही. मला हे मिश्रण फार आवडतं, कारण यात जिल्ह्याची दोन्ही टोकं एका भांड्यात येतात.

तिसरा जोडीदार वाळू. इथे एक लक्षात घ्या: पंचगंगेची वाळू बहुतेक बेसाल्टचा चुरा आहे. गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झ दगडाची, वाळू ५७३ अंशांना एकदम फुगते, भांडं निवताना तेवढीच एकदम आकसते आणि कधीकधी तडा देते. बेसाल्टच्या वाळूचा असा झटका नसतो, म्हणून विस्तवावर ठेवायच्या भांड्याला ती चांगली. मात्र धुऊन आणि चाळून घ्या.

चौथा जोडीदार भाजलेल्या मातीचा चुरा. तिथेच माझी गाडी अडली होती, त्याबद्दल पुढे.

मिश्रण ठरवताना अर्ध्या-अर्ध्या किलोची चार-पाच गणितं करा आणि प्रत्येकाची पट्टी काढा. माझं सध्याचं प्रमाण कोरड्या वजनानं असं आहे: मळीची गाळलेली माती ५ भाग, जांभ्याची ३, भाजलेला चुरा २. पट्टी ७ टक्क्यांपेक्षा थोडी कमी आकसते. तुमची माती वेगळी असणार, म्हणून हे प्रमाण जसंच्या तसं उचलू नका, पट्टीला विचारा.

मिश्रण जमलं तरी वाळवणं सांभाळावं लागतंच. भांड्याखाली वर्तमानपत्राचा कागद घाला म्हणजे आकसताना बूड सरकू शकतं. काठ हाताला कडक लागला की भांडं पालथं घाला. मार्च ते मे आपल्याकडे दुपारचा कोरडा वारा सुटतो, त्या दिवसांत मी भांड्यांवर ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक टाकते आणि तीन-चार दिवसांत हळूहळू काढते. पावसाळ्यात उलटा त्रास. भांडं आठवडाभरात वाळल्यासारखं दिसतं पण आत ओलं असतं. ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून पाणी आहे.

भाजून पंधरा दिवसांनी उडणारे टवके

हे दुखणं मला सगळ्यात जास्त रडवून गेलं, आणि याबद्दल बोलणारं कोणी भेटत नाही. म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

पहिल्या दिवाळीत मी चाळीस पणत्या आणि सहा लहान वाडगे भाजले. भट्टीतून निघाले तेव्हा एकही तडा नव्हता. टिचकी मारली की खणखणीत वाजत होते. भांडं पक्कं की कच्चं ते वाजवून कळतं, हे गोरोबाकाकांच्या थापटण्याच्या गोष्टीमुळे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. मी समाधानानं नातेवाइकांना वाटून टाकले. बारा दिवसांनी आत्याचा फोन आला. वाडग्याला आपोआप खड्डे पडताहेत, रात्री टक्क असा आवाज येतो आणि सकाळी पोपडा खाली पडलेला असतो. महिन्याभरात सहापैकी चार वाडगे गेले.

खड्डा जवळून पाहा. तो नरसाळ्यासारखा आत निमुळता असेल आणि टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका असेल तर शंका नको, तो चुना आहे. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. भट्टी साधारण ८०० ते ९०० अंशांतून वर जाते तेव्हा चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो, विरतो, फुगतो. घरात चुन्याची कळी पाण्यात टाकल्यावर कशी फुलते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इथे ती कळी भाजलेल्या भिंतीच्या आत अडकलेली असते. तिला जागा नसते, म्हणून ती वरचा पोपडा उडवते. पावसाळ्यात हे दोन दिवसांत होतं, हिवाळ्यात महिना लागतो.

मला एक गोष्ट कळत नव्हती. मामांच्याकडे याच काठाची माती येते. त्यांची मडकी वर्षानुवर्षं टिकतात आणि माझे वाडगे बारा दिवसांत उडतात. उत्तर भट्टीत होतं. त्यांचा आवा गोवऱ्या, तूस, लाकूड यांवर ७०० अंशांच्या आसपास जातो. तेवढ्यात माती पक्की होते, पण चुनखडी बहुतांशी चुनखडीच राहते, आणि चुनखडी ओलाव्यानं फुगत नाही. मी विजेच्या भट्टीत हजारापर्यंत नेत होते आणि प्रत्येक खड्याचा कळीचा चुना करत होते. बेंदराचा बैल तर भाजतच नाहीत, म्हणून त्याच्यातला खडा जन्मभर गप्प बसतो. जास्त तापवलं म्हणजे जास्त पक्कं, हा माझा समज या मातीपुरता चुकीचा होता.

आता उपाय. माती आणल्या आणल्या मूठभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका आणि कान जवळ न्या. चरचर ऐकू आली, बुडबुडे आले की चुना आहे. पांढरा दिसणारा प्रत्येक खडा चुन्याचा नसतो हेही ध्यानात ठेवा. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे खडे असतात, त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं तर काही होत नाही. खडा वेगळा काढून फोडून तपासा.

चुना आहे म्हणून माती फेकायची गरज नाही. तिला कुटायची नाही, एवढं मात्र पाळा. मी पहिल्या वर्षी वाळलेली ढेकळं खलबत्त्यात कुटून चाळत होते. त्यानं मोठा खडा फुटून त्याचे वीस लहान खडे होतात आणि सगळे चाळणीतून मातीत उतरतात. त्याऐवजी ढेकळं उन्हात पूर्ण कोरडी करा आणि मग पाण्यात सोडा. कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की दहा-पंधरा मिनिटांत आपणहून भुगा होऊन बसतं. अर्धवट ओलं ढेकूळ मात्र आठवडाभर तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी ढवळून पातळ पाणी करा, आधी साध्या चाळणीतून आणि मग ८० नंबरच्या जाळीतून गाळा. त्या जाळीची भोकं ०.१८ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यातून गेलेला चुन्याचा कण इतका बारीक असतो की पोपडा उडवण्याएवढा जोर त्याच्यात नसतो. ८० नंबर मिळाली नाही तर ६० चालते, पण मग भाजलेली पट्टी महिनाभर ओल्या जागी ठेवून तपासा. गाळलेलं पाणी जुन्या सुती साडीत बांधून टांगा किंवा कौलांवर ओता. मळण्याजोगी झाली की प्लास्टिकमध्ये बांधून किमान तीन आठवडे मुरू द्या. मुरलेली माती आणि कालची माती यात हाताला जो फरक लागतो तो एकदा अनुभवला की पुन्हा कोणी घाई करत नाही.

इतकं सगळं करूनही माझ्या पुढच्या खेपेला टवके उडाले. मी चक्रावून गेले. माती ८० मधून गाळलेली, व्हिनेगरला गप्प. मग एका खड्ड्याच्या तळाशी पांढऱ्या ठिपक्याभोवती विटकरी रंग दिसला आणि उलगडा झाला. आकसणं कमी करायला मी वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांचा चुरा घातला होता. वीट याच मळीच्या मातीची, तिच्यात चुना होताच. जुन्या विटेतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होऊन बसलेला असतो, आणि माझ्या भट्टीत तो परत कळीचा झाला. वाळतानाच्या तड्याचं औषध मी आणलं आणि त्याच पुडीतून टवके घरात आले.

तेव्हापासून मी चुरा स्वतः तयार करते. ८० मधून गाळलेल्या काळ्या मातीचेच चण्याएवढे खडे करून वाळवते, मातीच्या पसरट भांड्यात घालून भट्टीत ६०० अंशांपर्यंत भाजते. तेवढ्या उष्णतेला मातीच्या कणात जखडलेलं पाणी कायमचं निघून जातं आणि ती पुन्हा फुगत नाही, आकसत नाही, बारीक वाळूसारखी वागते. चुनखडी मात्र अजून चुनखडीच असते, आणि जी आहे ती आधीच गाळून बारीक झालेली. खडे हलक्या हातानं कुटून ३० नंबरच्या जाळीतून चाळते. कुटताना मास्क लावा आणि वर पाणी शिंपडा. मातीची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. विटेचा चुराच वापरायचा असेल तर आधी त्याच्यावर व्हिनेगर टाकून पाहा.

भाजून झालेल्या भांड्यांचं काय? एक उपाय आहे. भट्टी उघडल्यावर भांडं कोमट असतानाच पूर्ण पाण्यात बुडवा आणि दोन-तीन तास राहू द्या. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना मऊ लगदा होऊन विरतो आणि पुष्कळदा पोपडा उडत नाही. वीटभट्टीवरही गरम विटांवर पाणी मारतात. खडे मोठे असतील तर यानंही भागत नाही. मातीत थोडं मीठ मिसळण्याचा जुना तोडगाही ऐकायला मिळतो, पण विजेच्या भट्टीत मिठाची वाफ कॉइल खाते. मी तो करत नाही, तुम्हीही करू नका.

भाजताना फुटलं तर

यात फार गूढ नाही. भट्टीत भांड्याचे तुकडे तुकडे झाले असतील तर आत ओल होती आणि वाफ झाली. शंभराच्या खाली, ८०-९० अंशांवर दोन-तीन तास थांबा. पावसाळ्यात मी रात्रभर थांबते. त्यानंतर ६०० पर्यंत तासाला शंभरपेक्षा जास्त वेगानं जाऊ नका.

तुटलेल्या कडेला बाहेरून तांबडं आणि मध्ये काळं दिसत असेल, किंवा अंगावर फोड आले असतील, तर मातीतलं कुजकं जळायला वेळ मिळाला नाही. पुराच्या गाळाला हे हमखास होतं. ७०० ते ७५० च्या दरम्यान तासभर थांबा, भट्टीचं भोक उघडं ठेवा, आणि भांडी एकमेकांवर रचू नका.

इथल्या काळ्या मातीत लोह आणि चुना दोन्ही भरपूर, आणि दोन्ही उष्णतेला मातीला वितळवायला मदत करतात. विकतच्या स्टोनवेअर मातीसारखी ती १२०० पर्यंत न्यायला जाऊ नका. माझी काळी पट्टी ११८० ला फुगून शेल्फला चिकटली आणि शेल्फ गेलं. नवीन मातीची पट्टी पहिल्यांदा भाजताना नेहमी जुन्या बशीत ठेवून भाजा. माझी मिश्रणं मी आता १००० ते १०६० च्या मध्ये भाजते, ऑर्टनच्या ०६ ते ०४ नंबरच्या शंकूपर्यंत (भट्टी किती तापली ते हे शंकू वाकून दाखवतात). पाणी धरून ठेवायचं भांडं असेल तर भाजलेल्या तुकड्याचं वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा तुकडा २२६ भरला तर त्यानं १३ टक्के पाणी प्यायलं. तो माठाला चांगला, चहाच्या कपाला नाही.

वाळल्यावर किंवा भाजल्यावर काठावर पांढरी राखाडी बुरशीसारखी छटा आली आणि ती पुसली जात नसेल, तर मातीत क्षार आहेत. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथली माती घेतली की हे होणारच. गाळलेलं पातळ पाणी दोन दिवस निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी ओतून टाका, नवीन घाला, पुन्हा ढवळा. असं तीन-चारदा. हाताला साबणासारखी बुळबुळीत लागणारी चोपण माती मात्र निवळतच नाही, पाणी गढूळच राहतं. तिच्यामागे वेळ घालवू नका, दुसरी माती शोधा.

शोधायची कुठे, तेही सांगते. पन्हाळ्याच्या बाजूच्या पठारांवर आणि सड्यांवर मातीचा थर वीतभरही नसतो. पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात ती त्या वीतभर मातीवरच, तिथे खुरपंसुद्धा मारू नका. राधानगरीचं अभयारण्य, नदीची दरड, जुन्या गावठाणाची पांढरी, यांनाही हात लावायचा नाही. पांढरीत खापरांसोबत आपला इतिहास आहे आणि एकदा उपसला की तो परत रचता येत नाही. आपल्याला बादलीभर माती हवी असते. कुठे विहीर खोदताहेत, कुठे घराचा पाया काढताहेत, तिथे मालकाला विचारा. "भांडी करायला हवीय" म्हटलं की आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. दोघांनी तर पोतं भरून गाडीत ठेवून दिलं. ट्रॉलीभर माती हवी असेल तर मात्र ते गौण खनिज आहे, आधी तलाठ्यांकडे चौकशी करा.

प्रत्येक मातीच्या दोन पट्ट्या मी भाजून ठेवते. मागे गाव, खोली, तारीख आणि किती आकसली ते ओलं असतानाच खिळ्यानं कोरते. एक खिडकीत कोरडी राहते, दुसरी मोरीपाशी ओलाव्यात महिनाभर. मोरीपाशी असलेली आज सकाळी पाहिली. कोडोलीच्या विहिरीची माती, सतरा दिवस झाले, अजून टवका उडालेला नाही.